कौतुक कमी, कामाची वाटणी नीट

रावेर-सावद्याकडच्या केळीच्या पॅकिंग शेडवर निर्यातीचा माल भरायला घेतला की मुकादमाचं तोंड दिवसभर बंद होत नाही. याचा हात हळू, त्याने फणीचा देठ वाकडा कापला, तिसऱ्याची पेटी वजनाला कमी भरली. बागेतून आलेल्या घडाच्या फण्या उतरवायच्या, तुरटीच्या पाण्यात चीक घालवायचा, डाग-ओरखड्याच्या फण्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्या १३ किलोच्या पेटीत बसवायच्या, असं हे काम. यात चूक लगेच नजरेत भरते. पण पाण्याच्या टाकीपाशी बसलेली एखादी आक्का हात न लावता नुसती मान हलवते आणि ती फणी खरोखरच निर्यातीला नापास निघते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ती बोलत नाही, म्हणून वर्षानुवर्षं धुण्यावरच असते.

मानसशास्त्राचंही बराच काळ या मुकादमासारखंच चाललं होतं. नैराश्य, भीती, विकार यांवर ढीगभर अभ्यास. माणसाचं काय चांगलं चालतं, त्यावर त्या मानाने फार थोडा. मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. सकारात्मक मानसशास्त्र ही शाखा तिथून जोर धरू लागली. २००४ मध्ये ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासोबत त्यांनी माणसाच्या २४ गुणांची वर्गवारी मांडली: जिज्ञासा, चिकाटी, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी वगैरे.

पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने एक प्रयोग छापला. माझ्या मते संघ चालवणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हा प्रयोग विसरू नये. इंटरनेटवरून आलेल्या लोकांचे गट केले. एका गटाने प्रश्नावली भरून आपले ठळक गुण ओळखले आणि ते वापरत राहायचं ठरवलं. दुसऱ्या गटाने गुण तर ओळखलेच, शिवाय आठवडाभर रोज त्यांतला एखादा नव्या प्रकारे वापरून पाहिला. पहिल्या गटाला वाटलेलं बरं लवकरच ओसरलं. दुसऱ्या गटात मात्र समाधान वाढल्याचा आणि उदासी घटल्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता. मंडळी स्वतःहून आलेली होती, म्हणजे आपलं बरं व्हावं अशी त्यांची इच्छा होतीच, हे धरून चालायला हवं. तरीही फरक बोलका आहे. जळगावच्या एमआयडीसीत दिवसभराचं ट्रेनिंग घेऊन प्रत्येकाच्या हातात 'तुमचे पाच गुण' असा कागद द्यायचा आणि सोमवारपासून काम जुनंच, अशाने काय होणार?

नुसतं बोलून भागत नाही, हे १९९६ मध्येही दिसलं होतं. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होता, पण तिनातल्या एकाहून अधिक ठिकाणी काम उलट खालावलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की बोलण्याने लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' याकडे गेलं की हात बिघडतो. स्तुतीलाही हे लागू पडतं. 'आक्का, तू फार हुशार' यापेक्षा 'सकाळपासून तू नापास ठरवलेल्या फण्यांत एकही चांगली नव्हती, उद्या निवडीच्या टेबलावर उभी राहा' हे कितीतरी कामाचं.

सकारात्मक मानसशास्त्रात पोकळ मालही खपला आहे. २००५ मध्ये फ्रेडरिकसन आणि लोसाडा यांनी बहरणाऱ्या माणसांत आणि संघांत एका वाईट भावनेमागे २.९०१३ हून अधिक चांगल्या भावना असतात, असं गणित मांडलं. चार दशांश स्थळांपर्यंत! ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी २०१३ मध्ये ते मोडीत काढलं. द्रवांच्या प्रवाहाची समीकरणं भावनांना चिकटवण्याला काही आधारच नव्हता. यातले निक ब्राउन मोठ्या वयात याच विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, हे मला विशेष आवडतं. गणिताचा तो भाग नियतकालिकाला मागे घ्यावा लागला. 'एका रागावण्यामागे तीन शाबासक्या' हा हिशेब मात्र अजून ऐकू येतो.

मग मुकादमाने करायचं काय? आधी विचारायचं. 'मागच्या हंगामात कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही?' 'कुठलं काम बाकीचे आपणहून तुझ्याकडे आणतात?' उत्तर आलं की आठवडाभर तशी जागा देऊन पाहायची. आणि गुणाचा अतिरेकही ओळखायचा. तीच आक्का निवडीवर आली की बारीक रेघेपायी चांगली फणी नापास करील, आणि तो माल स्थानिक बाजारात पडेल भावाने जाईल. तिच्याजवळ गाडी वेळेत भरण्याची घाई असलेला कुणीतरी हवा. दोघांची भांडणं होतील, पण पेट्या नीट भरल्या जातील.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर, शेडला पत्रा, पिण्याचं पाणी कोमट आणि मजुरी पंधरवडा थकलेली. असं असताना मालकाने गुण ओळखण्याचा वर्ग भरवला, तर लोक त्याला हसतील, आणि ते बरोबरच असेल. आधी मजुरी चुकती करा, मग आक्काला टेबलावर बोलवा.