बाणापासून बझुकापर्यंत, आणि पुढं मोबाईलवर

दिवाळीत कोल्हापूरच्या गल्ल्यांत रिकाम्या बाटलीत काडी खोचून जे उडवतात, त्याला जुनी माणसं अजून ‘बाण’च म्हणतात. तो शब्द नुसता फटाक्याचा नाही. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत ‘बाण’ म्हणजे बऱ्याचदा लढाईतलं रॉकेट आणि ते डागणारा तो बाणदार. बखरीतला प्रत्येक बाण धनुष्याचा समजून वाचला, तर अर्धी लढाई डोळ्यांसमोरून निसटते.

या बाणाला खरी ताकद म्हैसूरमध्ये आली. हैदर अली आणि टिपूच्या कारागिरांनी कागदा-बांबूच्या नळीऐवजी ठोकून केलेली लोखंडी नळी वापरली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. नळी जितकी मजबूत, तितकी दारू घट्ट ठासता येते, आतला दाब वाढतो आणि बाण लांब जातो. हे बाण किलोमीटरभर आणि त्याहूनही पुढं जात. 1780 मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या, त्या बाणांमुळंच असं मानतात. 1791 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज टिपूविरुद्ध इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला जाऊन मिळाली, तेव्हा कृष्णाकाठच्या किती तरी माणसांनी हा मारा स्वतः पाहिला असणार. 1799 च्या मे महिन्यात टिपू श्रीरंगपट्टणला पडला. त्याच वर्षी भाऊही पडले, तेही कोल्हापूरकरांशी लढताना, पट्टणकुडीला.

पुढं इंग्लंडात विल्यम काँग्रीव्हनं म्हैसुरी बाणांवरून स्वतःची रॉकेटं तयार केली आणि 1807 मध्ये इंग्रजांनी त्याच रॉकेटांनी कोपनहेगन पेटवलं. नंतर तोफांच्या नळीत आटे, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, आले, नेम सुधारला आणि रॉकेट मागं पडलं.

ते परतलं एका वेगळ्याच गरजेतून. तोफ गोळा पुढं फेकते तेवढाच धक्का मागं देते, म्हणून ती जड लागते आणि एका माणसाला झेपत नाही. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीतून रॉकेट सोडलं की वायू मागून निघून जातो आणि खांद्याला धक्का जवळजवळ बसतच नाही. अमेरिकन रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्डनं हे 6 नोव्हेंबर 1918 ला अमेरिकन लष्कराला दाखवलं, पण पाचच दिवसांत पहिलं महायुद्ध थांबलं आणि काम बाजूला पडलं. 1942 मध्ये त्याच कल्पनेला पोकळ शंकूच्या स्फोटकाची जोड मिळाली. हे स्फोटक धातूची बारीक धार तयार करून चिलखत भेदतं, त्यासाठी गोळ्याला तोफेचा वेग लागत नाही. हलकी नळी आणि रणगाडा फोडणारं टोक, या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि बझुका जन्मली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच. जर्मनांचं पान्झरश्रेक आणि 1961 मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेलं आरपीजी-7 हे त्यानंतरचे टप्पे.

गेममध्ये मात्र हे हत्यार बदललं. 1993 च्या ‘डूम’मध्ये रॉकेट डोळ्यांना दिसेल इतकं सावकाश जातं. ते मुद्दाम केलेलं आहे, कारण समोरच्याला चुकवायची संधी मिळाली नाही तर खेळ उरत नाही. 1996 च्या ‘क्वेक’मध्ये खेळाडू पायाखाली रॉकेट मारून त्याच्या धक्क्यानं उंच कठड्यावर पोचायला लागले. प्रत्यक्षात असं करणारा जिवंत राहणार नाही, पण गेममध्ये ती एक कला झाली. पुढं मोबाईलवरच्या पबजीच्या पेलोड मोडमध्ये एम3ई1-ए नावाचं लाँचर आलं. त्याचं नाव कार्ल गुस्ताफच्या अमेरिकन आवृत्तीवरून घेतलंय, आणि कार्ल गुस्ताफ म्हणजे आपल्या फौजेतलं 84 मिलिमीटरचं आरएल, म्हणजे रॉकेट लाँचर.

पण या गेमनी एक गोष्ट गाळली: नळीच्या मागून निघणारा जाळ. पाठीशी भिंत असली किंवा माणूस उभा असला तर तो जाळ घात करतो. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. भाच्याचा गेम बघताना भिंतीला टेकलेला त्याचा खेळाडू दिसला की ते अजूनही चटकन बोलतात, “आरं, डागायच्या आधी मागं कोण हाय ते बघितलंस का?”