पायविहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का?

दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरच्या सात मजली पायविहिरीचे फोटो थंडी पडली की व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. सोबत ठरलेला मजकूर: 'पूर्वजांचं गूढ तंत्रज्ञान! पाणी हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार!' ती बांधणारे गवंडी पक्के कसबी होते, यात वाद नाही. पण हा गुण वऱ्हाडातल्या जिवंत झऱ्याच्या कुठल्याही खोल विहिरीत सापडतो.

झऱ्यापाशी जानेवारीत आणि मे महिन्यात थर्मामीटर धरला, तर पारा दोन्ही वेळा 27 अंशांच्या आसपासच राहील. बाहेर मात्र पहाटेचे 12 अंश किंवा दुपारचे 44. फसते ती आपली कातडी.

झऱ्याला ऋतू कळत कसा नाही? जमिनीतून उष्णता फार सावकाश सरकते. वरच्या तापण्या-निवण्याची लाट खाली उतरताना विरत जाते. दिवस-रात्रीची लाट साधारण दीड फुटावर, म्हणजे हातभर खोलीवर, जवळपास संपते. वर्षाची लाट 365 पट संथ, पण तिची पोच वाढते 365 च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे 19 पट. दीड गुणिले 19, साडेअठ्ठावीस फूट! तिथे ऋतूंचा चढउतार जेमतेम 4 टक्के उरतो.

खरी गंमत पुढेच आहे. लाट विरते तशी मागेही पडते, आणि नेमकी याच खोलीवर ती अर्धी फेरी मागे असते. मे महिन्याचा ताप तिथे नोव्हेंबरात पोचतो! म्हणजे 'हिवाळ्यात गरम' हे अक्षरशः खरं निघालं की. फक्त आपल्याकडे महिन्याची सरासरी वर्षभरात सात-आठ अंश वर-खाली होते. त्याचे 4 टक्के म्हणजे पाव-अर्धा अंश. हाताला काय कळणार!

शिवारात मुरलेला पाऊस याच थरांतून झिरपत येतो आणि वाटेत त्यांचंच तापमान घेतो. झरा काशीच्या गंगेतून येतो, ही समजूत खरी नाही. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून तो लागतो, हेही खोटं. भूजल असलेल्या शिवारात बऱ्याच जागी खणलं तरी पाणी लागतंच, श्रेय तेवढं नारळाला मिळतं.

बोअरचं पाणीही जमिनीतून असंच निघतं. पण आपण ते आधी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवतो, आणि मे महिन्यात नळाखाली हात भाजतो.