झोप आली आहे की थकवा आला आहे?

दुपारी तीनच्या सुमारास एकच ओळ तिसऱ्यांदा वाचताना आपण म्हणतो, "आज फार दमायला झालंय." त्या क्षणी जरा स्वतःकडे बघा. पापण्या मिटू लागल्यात, मान हळूच पुढे कलतेय आणि दचकून परत सरळ होतेय? ही झोप. डोळे टक्क उघडे आहेत, पण दोन ओळींचं उत्तर लिहायचंही जिवावर आलंय? हा थकवा. दोन्हींना आपण 'दमणं' म्हणतो आणि तिथेच उपाय चुकतो.

माझंही बरीच वर्षं चुकलं. मी थकलेली असायचे आणि आडवी व्हायचे. तासभर छताकडे बघत डोक्यात कामांची यादी घोळवायची आणि उठताना आणखीच जड वाटायचं. शांत, अंधाऱ्या खोलीत पाठ टेकल्यावर काय होतं, ही साधी पारख तेव्हा सुचली नाही. झोप साचलेली असेल, तर काही मिनिटांतच डोळा लागतो. थकव्यात तो लागेलच असं नाही.

डॉक्टरही हा फरक जपतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेल्या एपवर्थ प्रश्नावलीत 8 प्रसंग दिलेत: वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे. प्रश्न मात्र 'दमता का' असा नाही, 'डुलकी लागण्याची शक्यता किती' असा आहे. 24 पैकी 10 च्या वर गुण गेले, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. सोबत मोठं घोरणं असेल, तर नक्कीच.

झोपेमागे ॲडेनोसिन नावाचं रसायन असतं. जागेपणी ते मेंदूत साचत जातं, झोपेत ओसरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ते घालवत नाही. ॲडेनोसिन ज्या जागी बसून सुस्ती आणतं, ती जागा कॅफिन फक्त अडवून धरतं. शिवाय साधारण 5 तासांनीही निम्मं कॅफिन अंगात उरलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही आपलं काम करत असतो, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा मान कलते. झोपेची ही उधारी झोपूनच फिटते. माझ्या मते इथे दोनच बदलांनी मोठा फरक पडतो: रोज, सुट्टीच्या दिवशीही, एकाच वेळी उठणं आणि उठल्यावर थोडा वेळ बाहेरच्या उजेडात जाणं. ढगाळ सकाळचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं.

थकव्याचं उलट आहे. तासन्‌तास एका जागी बसणं, न संपणारी काळजी, एका कामातून दुसऱ्यात सतत उड्या मारणं यांनी तो वाढतो, आणि बऱ्याचदा हालचालीने उतरतो. दहा मिनिटं साधं चालून आल्यावर अडलेलं वाक्य सुचतं, हे मी आता रोज अनुभवते. पण पुरेशी झोप आणि हालचाल असूनही थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर लोहाची किंवा बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांपैकी काही असू शकतं. तेव्हा मनाला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

एका ठिकाणी मात्र ही पारख करत बसू नका. गाडी चालवताना मान एकदा जरी कलली, तरी खिडकी उघडून किंवा गाणी लावून भागत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि 15-20 मिनिटं झोप काढा. उठल्यावर डोकं पूर्ण साफ होईपर्यंत किल्ली फिरवू नका.