दानीएलाच्या दिवसांची वर्षं कशी झाली

इ.स.पू. १६८ च्या उन्हाळ्यात अलेक्झांड्रियाजवळ एका रोमन वकिलाने हातातल्या काठीने वाळूत रिंगण काढलं. रिंगणाच्या मधोमध सिरियाचा राजा चौथा अँटिओकस उभा होता. इजिप्त जवळजवळ त्याच्या घशात गेलं होतं. वकिलाचं नाव पोपिलियस लीनास. परत फिर, हा रोमचा हुकूम त्याने राजाच्या हाती दिला. राजा म्हणाला, सल्लामसलत करून सांगतो. लीनास म्हणाला, रिंगणाबाहेर पाय टाकण्याआधी सांग. अँटिओकस परत फिरला.

पुढे जे घडलं ते यरुशलेमाने भोगलं. इ.स.पू. १६७ मध्ये मंदिरातला रोजचा होम बंद झाला आणि वेदीवर परक्या दैवताची पूजा सुरू झाली. शब्बाथ पाळायचा नाही, मुलाची सुंता करायची नाही, नियमशास्त्राची गुंडाळी घरात सापडली तर देहान्त, असे हुकूम निघाले. हा राजा स्वतःच्या नाण्यांवर ‘प्रकट झालेला देव’ असं लिहून घेत असे. त्याची लहर फिरली की गावंच्या गावं भरडली जात.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा ११ वा अध्याय उघडा. ३० व्या वचनात पश्चिमेकडून कित्तीमाची, म्हणजे रोमची, जहाजं येतात, राजा खचून मागे फिरतो आणि पवित्र करारावर राग काढतो. ३१ व्या वचनात नित्याचं बलिदान बंद पडतं आणि ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ स्थापला जातो. शेवटच्या काळाविषयी आज आपण प्रवचनांत जे शब्द ऐकतो, त्यातले कितीतरी इथून निघाले आहेत. कोणाच्या तरी गावात, कोणाच्या तरी मुलाबाळांवर खरोखर कोसळलेल्या संकटाला लागून ते आले आहेत.

आपल्या कोकणाचाही याच्याशी एक धागा आहे. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून आपण झालो, अशी बेने इस्राएल या कोकणातल्या यहुद्यांची परंपरा आहे. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला. त्यात पूर्वजांनी देश सोडला तो याच अँटिओकसाच्या जाचामुळे, असं त्यांनी मांडलं आहे. याला लेखी पुरावा नाही. पण एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: शनिवार पाळणारे, सुंता करणारे, तेलाच्या घाण्यावर जगणारे हे लोक पूर्वी हनुक्का हा सण ओळखत नव्हते. हनुक्का सुरू झाला इ.स.पू. १६४ मध्ये, अँटिओकसाविरुद्धच्या बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी याने मंदिर शुद्ध केलं तेव्हा. त्याआधी निघालेल्यांना तो ठाऊक असणार कसा, असा हा तर्क आहे. मला तो सिद्धतेपेक्षा आठवणीच्या अंगाने मोलाचा वाटतो.

आता पुस्तकाकडे. बारा अध्याय, दोन भाषा. सुरुवात इब्री, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्याच्या अखेरपर्यंत अरामी, पुढे पुन्हा इब्री. मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहांत दानीएलाच्या आठ प्रतींचे अवशेष सापडले, त्यांतही भाषेचे हे सांधे दिसतात. कथा घडते बाबेलात, इ.स.पू. सहाव्या शतकात. पुस्तकही तेव्हाचंच, हा मंडळीचा पारंपरिक विश्वास. तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराने मात्र म्हटलं, हे अँटिओकसाच्या काळातलं लिखाण आहे, भविष्य म्हणून सांगितलेला इतिहास. जेरोमने पाचव्या शतकाच्या आरंभी दानीएलावर भाष्य लिहून त्याला जागोजाग उत्तर दिलं. आज विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक शेवटच्या अध्यायांचा काळ इ.स.पू. १६७ ते १६४ धरतात. यहुदी शास्त्रात हे पुस्तक संदेष्ट्यांच्या विभागात नाहीच, ते ‘लेखां’मध्ये येतं. ख्रिस्ती क्रमात ते यहेज्केलानंतर संदेष्ट्यांच्या रांगेत बसलं. आपण ते कसं वाचतो, यात या जागेचा वाटा मोठा आहे.

काळाबद्दल कोणाचंही मत काहीही असो, या पुस्तकातले आकडे एकाच प्रश्नाला उत्तर म्हणून येतात: ‘हे कुठवर?’ आठव्या अध्यायात एक पवित्र जण हे विचारतो आणि उत्तर येतं २३०० संध्याकाळ-सकाळ, मग मंदिर शुद्ध होईल. बाराव्यात पुन्हा तोच प्रश्न, आणि उत्तर एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ, म्हणजे साडेतीन. लगेच पुढे १२९० दिवस, आणि त्यापुढच्याच वचनात १३३५. धीर धरून तिथवर पोहोचणारा धन्य, असं तिथे म्हटलं आहे. दोन आकडे असे पाठोपाठ का यावेत? पहिली मुदत उलटून गेल्यावर दुसरी लिहिली गेली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला या दोन वचनांत दिवस मोजत जागणारी माणसं दिसतात. तुरुंगात भिंतीवर रेघा ओढतात, तसं.

नवव्या अध्यायात मात्र गणिताची जात बदलते. बाबेलाची गुलामी ७० वर्षांची, असं यिर्मया म्हणाला होता. दानीएल ते वाचतो, प्रार्थना करतो, आणि गब्रीएल येऊन सांगतो की सत्तर सप्तकं नेमली आहेत. सत्तर गुणिले सात, ४९०. इब्रीत तिथे फक्त ‘सात-सातचे गट’ असा शब्द आहे, वर्ष हा शब्द नाही. पण सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि सात साते एकोणपन्नास झाले की योबेल वर्ष, ही लेवीयातली गणती ऐकत वाढलेल्या माणसाला सप्तक म्हणजे सात वर्षं हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. शिवाय गणनेच्या पुस्तकात चाळीस दिवसांबद्दल चाळीस वर्षांची शिक्षा आहे, आणि यहेज्केलाला एकेका वर्षाबद्दल एकेक दिवस कुशीवर पडून राहायला सांगितलं आहे. ‘दिवसाला वर्ष’ हा नियम पुढच्या लोकांनी या तुकड्यांतून बांधला आणि दानीएलाच्या सगळ्याच आकड्यांना लावला. मूळ पुस्तकात तो नियम म्हणून कुठेही दिलेला नाही.

पहिल्या शतकात प्रश्न पुन्हा जिवंत झाला. येशूने जैतुनाच्या डोंगरावर त्याच अमंगळ पदार्थाचा दाखला दिला, आणि शुभवर्तमानकाराने मध्येच घातलं, ‘वाचणाऱ्याने हे ध्यानात आणावे’. इ.स. ७० मध्ये तीतसाच्या फौजेने मंदिर जाळलं. दानीएलाच्या सातव्या अध्यायात चार राज्यांची चिन्हं म्हणून चार पशू येतात; त्यांतला चौथा म्हणजे रोम, हे मग यहुदी आणि ख्रिस्ती दोघांनाही उघड वाटू लागलं. त्याच डोंगरावर येशूने असंही सांगितलं की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. दोन्ही वाक्यं एकाच अध्यायात आहेत. मंडळी दोन हजार वर्षं या दोन वाक्यांच्या मधे उभी आहे.

हिप्पोलिटस या आरंभीच्या मंडळीतल्या लेखकाने सुमारे २०४ साली दानीएलावर भाष्य लिहिलं. पूर्ण उपलब्ध असलेल्या ख्रिस्ती शास्त्रभाष्यांत ते सर्वांत जुन्यांपैकी आहे. त्यात तो आपल्या काळातल्या दोन हकीकती सांगतो. सिरियातला एक मंडळीप्रमुख बायकामुलांसकट आपल्या लोकांना घेऊन ख्रिस्ताला भेटायला रानात निघाला. ते डोंगरदऱ्यांत भटकत राहिले. दरोडेखोर समजून सुभेदार त्यांना कापून काढणार होता. त्याची बायको विश्वासी होती, तिच्या विनवणीने ते वाचले. दुसरी हकीकत पोंताची. तिथल्या प्रमुखाला स्वप्नं पडू लागली आणि तो म्हणाला, वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येणार. लोकांनी शेतं पडीक टाकली, मालमत्ता विकून टाकली. वर्ष सरलं. मग मुलींची लग्नं झाली, पुरुष पुन्हा शेतावर गेले, आणि ज्यांनी सगळं विकलं होतं ते भीक मागू लागले. हे लिहिताना हिप्पोलिटसच्या मनात कळवळा आहे. तो स्वतःही हिशेब करायचाच. त्याचा शेवट मात्र तीनशे वर्षं लांब होता, सृष्टीची सहा हजार वर्षं पुरी होतील तेव्हा, इ.स. ५०० च्या आसपास.

ऑगस्टिनने हे थांबवलं. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्यातली हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ, असं त्याने शिकवलं, आणि मोजणाऱ्यांनी बोटं सैल सोडावीत, असं लिहिलं. तालमूदातल्या रब्बींचा सूर याहून कडक आहे: शेवट मोजत बसणाऱ्यांची हाडं कुजोत. कारणही ते देतात. ठरलेली वेळ टळली की लोक म्हणतात, आता तो येणारच नाही.

पुढची हजार वर्षं भराभर पार करता येतील. फिओरेचा मठाधिपती योआकिम याने बाराव्या शतकात प्रकटीकरणातल्या १२६० दिवसांची वर्षं केली, आणि त्याच्या अनुयायांनी १२६० सालाकडे डोळे लावले. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी दानीएलातल्या चौथ्या पशूच्या लहान शिंगात पोपची सत्ता पाहिली. मग फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच सेनापती बेर्तिएने रोममध्ये शिरून पोप सहाव्या पायसला पदच्युत केलं आणि पुढे त्याला कैदेत नेलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या अभ्यासूंनी वह्या उघडल्या: पोपची सत्ता इ.स. ५३८ मध्ये सुरू झाली असं धरलं, तर ५३८ अधिक १२६०, बरोबर १७९८. दिवसाला वर्ष हा नियम डोळ्यांसमोर खरा ठरला, असं त्यांना वाटलं. एकोणिसाव्या शतकातली लाट या एका बेरजेवर उठली.

विल्यम मिलर न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी, १८१२ च्या लढाईतला कप्तान. बायबल आणि शब्दसूची एवढंच घेऊन तो दोन वर्षं बसला. त्याचा हिशेब असा: अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षी, इ.स.पू. ४५७ मध्ये, एज्राला यरुशलेमास जाण्याचा हुकूम मिळाला. तिथून ४९० वर्षं मोजली की इ.स. ३३, ख्रिस्ताचा वधस्तंभ. सत्तर सप्तकांचा आरंभ इतका चपखल जुळतो, तर २३०० दिवसही तिथूनच मोजायचे. २३०० वजा ४५७, उत्तर १८४३, म्हणजे ख्रिस्त परत येण्याचं साल. १८३१ पासून तो जाहीर बोलू लागला. १८४२ मध्ये कापडावर छापलेला मोठा तक्ता निघाला. सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट असा दानीएलाचा पुतळा, खाली पशू, आणि बाजूला बेरजा-वजाबाक्या. तंबूत तो टांगला की अक्षरओळख नसलेला माणूसही बोटाने शेवटापर्यंत पोहोचत असे. तेव्हा हे वारं मुंबईपर्यंतही आलं होतं. ख्रिस्त १८४७ मध्ये येणार, असं सांगत जगभर फिरणारा जोसेफ वुल्फ १८३३ मध्ये मुंबईत येऊन गेला.

१८४३ गेलं. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य साल नाही, म्हणून एक वर्ष वाढवायचं. मिलरच्या अनुयायांपैकी सॅम्युएल स्नोने यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आधार घेत तारीखच काढली: २२ ऑक्टोबर १८४४. काही शेतकऱ्यांनी बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. पांढरे झगे घालून ते टेकड्यांवर बसले, ही गोष्ट पुढे पुष्कळ सांगितली गेली, पण तिला आधार नाही. ते घरांत आणि सभागृहांत प्रार्थना करत होते. पोर्ट गिब्सनच्या हायरम एडसनने लिहून ठेवलं आहे की आम्ही उजाडेपर्यंत रडत राहिलो. सकाळी मक्याच्या शेतातून चालताना त्याला वाटलं, तारीख बरोबर होती, शुद्ध व्हायचं मंदिर मात्र पृथ्वीवरचं नसून स्वर्गातलं होतं. या विचारातून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, १८६३ मध्ये रीतसर. पुण्यात औंधजवळचं स्पायसर विद्यापीठ, कित्येक पुणेकरांच्या तोंडी अजून कॉलेजच, याच मंडळीचं. मिलर १८४९ मध्ये वारला. तारीख चुकल्याचं त्याने उघड मान्य केलं आणि वाट पाहणं सोडलं नाही. या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

तारखांनी पोळलेल्या लोकांना दुसरी रीत मिळाली ती जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाकडून. ६९ सप्तकं ख्रिस्तापाशी संपली आणि घड्याळ थांबलं, मंडळीचा काळ हा मधला खंड, सत्तरावं सप्तक अजून यायचं आहे, असं तो शिकवू लागला. त्याआधी ख्रिस्त आपल्या लोकांना उचलून नेईल, मग सात वर्षं महासंकट. १९०९ मध्ये स्कोफील्डच्या टिपांचं बायबल निघालं आणि ही मांडणी शास्त्राच्याच पानावर, वचनांच्या खाली छापून आली. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं, १९६७ मध्ये जुनं यरुशलेम त्याच्या ताब्यात आलं, तेव्हा घड्याळ पुन्हा सुरू झाल्यासारखं अनेकांना वाटलं.

मराठी मंडळ्यांतही आज हीच मांडणी इतकी रुळली आहे की ती एकमेव ख्रिस्ती शिकवण आहे असं तरुणांना वाटतं, आणि पुष्कळजण तिने घाबरतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ‘सात वर्षांचं महासंकट’ हे शब्द प्रकटीकरणात नाहीत. तिथे ४२ महिने आहेत, १२६० दिवस आहेत. सात येतात दानीएलाच्या त्या एका सप्तकातून. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द दानीएलात नाही आणि प्रकटीकरणातही नाही. तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे, आणि तिथे तो अनेकवचनातही येतो.

आणि तो नववा अध्याय. त्यात २७ वचनं आहेत, सप्तकांची फक्त शेवटची चार. तक्त्यांवर तेवढीच चढतात. त्याआधी तिसऱ्यापासून एकोणिसाव्या वचनापर्यंत एक म्हातारा माणूस गोणपाट नेसून, राख घेऊन, आपल्या लोकांच्या पापाबद्दल देवापुढे बोलतो आहे. तो कोणतीही तारीख विचारत नाही. तो म्हणतो, प्रभू ऐक, प्रभू क्षमा कर, विलंब लावू नको.