मानवंदना कथासंग्रह काढायचा आहे? आधी एवढं वाचा

२० मे २०२५ ला डॉ. जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून औरंगपुऱ्यातल्या आमच्या छोट्याशा प्रेसमध्ये एकच विचारणा वेगवेगळ्या तोंडून येते. कधी महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाचे प्राध्यापक येतात, कधी वाचक कट्ट्यावरचे निवृत्त गुरुजी, तर मध्यंतरी परभणीहून दोन मैत्रिणी खास त्यासाठी आल्या. ‘सरांवर पुस्तक काढायचंय, खर्च किती येईल?’ खर्चाकडे येऊच. पण आधी आम्ही उलट विचारतो, पुस्तक सरांवर काढायचंय की सरांसाठी?

सरांवरचं पुस्तक म्हणजे गौरवग्रंथ किंवा स्मृतिग्रंथ. त्यात आठवणी, लेख, जुनी पत्रं, फोटो येतात. हा प्रकार मराठीत चांगला रुळलेला आहे आणि तो आम्ही आनंदाने छापतो. सरांसाठीचं पुस्तक वेगळं. त्यात लेखकाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्याच्या कथा वाचून वाढलेले लोक त्याला नव्या कथा लिहून नमस्कार करतात. आम्ही त्याला मानवंदना कथासंग्रह म्हणतो. या माहितीपत्रकात त्याच्याबद्दलच लिहिलं आहे, कारण घोळ तिथेच होतात.

इंग्रजी विज्ञानकथेत असे संग्रह बरेच निघाले आहेत. आयझॅक असिमोव्ह यांची पहिली कथा १९३९ साली छापून आली. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८९ मध्ये ‘फाउंडेशन्स फ्रेंड्स’ निघाला. असिमोव्ह तेव्हा हयात होते, आणि इतर लेखकांनी त्यांच्याच यंत्रमानवांच्या, त्यांच्याच आकाशगंगेच्या साम्राज्याच्या गोष्टी लिहिल्या. म्हणजे घरमालकाने किल्ली देऊन पाहुण्यांना स्वयंपाकघरात सोडलं! रे ब्रॅडबरी यांच्यासाठीचा ‘शॅडो शो’ २०१२ च्या जुलैत आला. त्यातल्या कथा ज्याच्या त्याच्या स्वतंत्र आहेत, फक्त कुठेतरी ब्रॅडबरींचा वास येतो. त्यांनी स्वतः त्याला प्रस्तावना लिहून दिली होती. पुस्तक बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी, ५ जूनला ते गेले. आणि आर्थर सी. क्लार्क यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २०१८ साली जो संग्रह आला, त्यात त्यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या कादंबरीवरून प्रत्येक कथा मोजून २००१ शब्दांची होती. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

यातला दुसरा, ब्रॅडबरींच्या संग्रहासारखा स्वतंत्र कथांचा मार्ग तुमच्यासाठी बरा, असं आमचं मत. पहिल्यात, म्हणजे लेखकाचीच पात्रं घेण्यात, परवानगीचं लचांड असतं.

परवानगीचं नीट समजून घ्या. आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं चालतो. नारळीकरांच्या लेखनावर तो २०८५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत आहे. ‘कथा सगळ्यांच्याच आहेत की’ हे प्रेमाने म्हणायला ठीक, छापायला नाही. त्यांची एखादी कथा संग्रहात घ्यायची असेल, किंवा त्यांचं पात्र, त्यांच्या कथेचा पुढचा भाग लिहायचा असेल, तर वारसांची आणि हक्क ज्यांच्याकडे असतील त्या प्रकाशकाची लेखी परवानगी आधी हवी. तोंडी होकार, व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. कल्पना मात्र मोकळी असते. कृष्णविवर, काळातला प्रवास, परग्रहावरून आलेला संदेश, यांवर कुणाची मालकी नाही. नेटवरून उतरवलेला सरांचा फोटो मुखपृष्ठावर टाकायचा आग्रह होतो. फोटो काढणाऱ्याचाही हक्क असतो, म्हणून आम्ही तो नाकारतो. राग मानू नका.

तुमच्या कथालेखकांकडूनही एकेक पानाचा करार घ्या. नमुना आमच्याकडे मिळतो. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पुढे ई-बुक काढायची वेळ आली की ही एक ओळ आठवते. मानधन जमत नसेल तर निदान दोन प्रती तरी द्या. लेखकानेच स्वतःच्या दहा प्रती विकत घ्यायच्या, ही पद्धत आम्हाला आवडत नाही.

आता निवड. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, तिच्यावर लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे नारळीकरच; आद्याक्षरं उलटी वाचा, जविना होतात. नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत म्हणून केलेली ही युक्ती. तुम्हीही कथांवरची नावं झाकूनच वाचा. प्राचार्यांची कथा आणि बारावीतल्या पोरीची कथा एकाच टेबलावर, फक्त क्रमांक लावून. सरांना याहून चांगला नमस्कार आम्हाला तरी सुचत नाही.

विषय शोधायला लांब जाऊ नका. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आणि काम गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपण्याचं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा लहरी पहिल्यांदा सापडल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगोत, आणि त्या उठल्या होत्या दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्यामुळे. या प्रकल्पातली एक भागीदार संस्था म्हणजे पुण्याची आयुका, खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र. तिचे संस्थापक संचालक नारळीकर. कृष्णविवरावरच्या बक्षिसाच्या कथेचं दुसरं टोक असं आपल्या ज्वारीच्या रानात येऊन टेकलं आहे. तरी आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ कथा न्यूयॉर्कमध्ये घडतात आणि नायकाचं नाव असतं डॉ. विल्यम!

आकार किती ठेवावा? क्लार्कच्या संग्रहाचं बघून आम्ही सुचवतो, सरांच्या जन्मसालाइतके, म्हणजे १९३८ शब्द. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात आमच्या नेहमीच्या टाइपात पानाला २८० च्या आसपास शब्द बसतात. म्हणजे एक कथा ७ पानं, वर शीर्षकाची जागा धरून ८. अशा १२ कथांची ९६ पानं. पुढची-मागची (शीर्षक, अनुक्रमणिका वगैरे) मिळून १६. एकूण ११२, म्हणजे १६ पानी ७ फर्मे बरोबर (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं), एक पान कोरं जात नाही. तेरावी कथा घातलीत की अर्धा फर्मा जास्तीचा, आणि उरलेल्या आठ पानांत काय टाकायचं याची शोधाशोध. (‘पुण्याहून’ हा एक शब्द की दोन, यावर वाद नको. एकच.)

टायपिंगचं बोलायला हवं, कारण चूक आमची होती. एका शिक्षकांची कथा जुन्या फाँटमध्ये आली. आम्ही ती युनिकोडमध्ये फिरवली आणि घाईत प्रूफ न काढता पुढे सोडली. मंगळावर ‘खोल दऱ्या’ होत्या, छापून आला ‘खोल दर्या’. ऱ्याचा र्या झाला आणि कोरड्या मंगळावर समुद्र उसळला. पुढच्या ओळीत नायक तहानेने व्याकूळ! तो फर्मा आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापला. तेव्हापासून फाँट बदलला की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द आम्ही बोट ठेवून तपासतो, आणि शेवटचं प्रूफ लेखकाची सही झाल्याशिवाय मशीनवर जात नाही. सहीनंतर सापडलेली चूक मात्र तुमच्या खात्यावर.

शुभेच्छा संदेश शक्यतो टाळा. एका स्मृतिग्रंथात सुरुवातीची ३२ पानं नुसत्या संदेशांची होती, अख्खे दोन फर्मे. ज्याच्या स्मृतीसाठी पुस्तक, तो तेहतिसाव्या पानावर भेटला. टाळणं जमतच नसेल तर शेवटी घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि तो भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. पुस्तक प्रकाशित झालं की ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून छपाईच्या हिशेबात चार प्रती आधीच बाजूला काढा.

खर्चाचं कोष्टक सोबतच्या पिवळ्या कागदावर आहे. ३०० प्रतींपर्यंत आम्ही डिजिटल छपाई सुचवतो, त्यापुढे ऑफसेट. बांधणी साध्या डिंकाची न घेता शिलाईची घ्या, ग्रंथालयात पुस्तक टिकतं. येताना कथा पेन ड्राइव्हवर आणा आणि सोबत एक छापील प्रत. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं.