टेक्निकल इंग्रजी ट्रेनिंगसाठी अमेरिकन दूतावासाचं अनुदान: नाशिकच्या संस्थांनी अर्ज कसा करायचा

अमेरिकेचं परराष्ट्र खातं वेगवेगळ्या देशांतल्या आपल्या दूतावासांमार्फत इंग्रजी शिकवण्याच्या प्रकल्पांना अनुदान देतं, आणि सायन्स-टेक्नॉलॉजीत काम करणाऱ्यांना त्यांच्या कामाचं इंग्रजी शिकवणं हाही त्यातला एक विषय असतो. भारतासाठी अर्ज मागवणाऱ्या नोटिसा दिल्लीच्या दूतावासाकडून निघतात आणि आपला महाराष्ट्र मुंबईच्या कॉन्सुलेटच्या हद्दीत येतो. हे पैसे शिकणाऱ्याच्या हातात पडत नाहीत, ट्रेनिंग चालवणाऱ्या संस्थेला मिळतात, त्यामुळे "माझ्या मुलीची आयईएलटीएसची फी यातून निघेल का" याचं उत्तर नाही असंच आहे. पण तुमची संस्था, ट्रस्ट किंवा कॉलेज असेल आणि एमआयडीसीतल्या टेक्निशियनसाठी, लॅब असिस्टंटसाठी, डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या पोरांसाठी काही करायचं मनात असेल तर पुढचं नीट वाचा.

नाशिकला याची गरज आहे हे मी अगदी मनापासून सांगतोय. सातपूरच्या एखाद्या व्हेंडर युनिटमधला सीएनसी सेटर घ्या, ड्रॉइंग हातात आलं की टॉलरन्स कुठे अडकणार ते तो बघून सांगतो, पण बाहेरच्या कस्टमरची कंप्लेंट आली आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि त्यावर काय केलं ते सांगणारा रिपोर्ट, भरायची वेळ आली की रूट कॉजच्या रकान्यात "ऑपरेटर मिस्टेक" एवढंच लिहून मोकळा होतो. पार्ट पकडणाऱ्या फिक्श्चरचं क्लॅम्पिंग ढिलं होतं म्हणून बोअर, म्हणजे भोक, ओव्हल झाला हे त्याला पक्कं माहीत असतं, पण ते चार वाक्यांत इंग्रजीत मांडता येत नाही, मग रिपोर्ट परत येतो आणि साहेब तो स्वतः लिहितात आणि प्रमोशनच्या वेळी नाव त्या साहेबांचं पुढे जातं. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये "माझी ओळख" पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, आणि अर्जात नेमकं हेच दाखवायचं असतं, पण त्याबद्दल पुढे.

आधी पात्रता. प्रत्येक नोटिशीत ती वेगळी असते म्हणून नोटीस पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचीच, पण साधारणपणे ना-नफा संस्था, ट्रस्ट, शिक्षणसंस्था, विद्यापीठं चालतात, काही नोटिसांत एकटी व्यक्तीही चालते, आणि नफ्यासाठी चालणारे क्लासेस किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या बहुतेक वेळा बाहेर असतात. सायंटिफिक रिसर्च, बांधकाम, राजकीय काम, निधी गोळा करण्याचे कार्यक्रम यांना सहसा पैसे देत नाहीत, म्हणजे सायन्सवाल्यांना इंग्रजी शिकवायला मिळतील पण त्यांच्या प्रयोगाला मिळणार नाहीत. शिवाय अमेरिकेशी काहीतरी धागा लागतो, तिथला तज्ज्ञ ऑनलाइन सेशन घेणार असेल किंवा तिथल्या विद्यापीठासोबत अभ्यासक्रम केला असेल असं काही. आणि एक महत्त्वाचं, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी मदत थांबवून फेरतपासणी सुरू केली होती, तेव्हा कुणाकडून आलेली जुनी पीडीएफ आणि त्यातली रक्कम धरून बजेट करत बसू नका, चालू नोटीस आहे का ते अमेरिकेच्या ग्रँट्स डॉट गव्ह आणि दूतावासाच्या साइटवर बघा.

आता खरी अडचण, आणि ती दिल्लीची, म्हणजे आपल्या केंद्र सरकारकडची आहे. अमेरिकन सरकारचा पैसा म्हणजे परकीय योगदान, आणि ते घ्यायचं तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ही नसताना खात्यात पैसे घेतले तर तो गुन्हा आहे, मग काम कितीही चांगलं असो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा, ऑफिसखर्च त्यात धरत नाहीत. अर्ज एफसी-३ए फॉर्मवर ऑनलाइन होतो आणि नोंदणी मिळाली की पाच वर्षं चालते. संस्था नवी असेल किंवा १५ लाखांत बसत नसेल तर दुसरा रस्ता पूर्वपरवानगीचा, फॉर्म एफसी-३बी, पण ती एकाच देणगीदाराकडून एकाच कामासाठी ठरावीक रकमेची असते आणि त्याला देणगीदाराचं कमिटमेंट लेटर आणि प्रोजेक्ट रिपोर्ट जोडावा लागतो.

दोन्हीसाठी लागणारे कागद जवळपास सारखे आहेत: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा ट्रस्ट डीड, नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरचा दर्पण आयडी, सगळ्या मुख्य पदाधिकाऱ्यांचे आधार आणि प्रतिज्ञापत्रं, आणि नोंदणीसाठी वरून तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणि कामाचे अहवाल. घटना मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. पैसे यायचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच, संसद मार्गावर, पण त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, आपल्या इथल्या स्टेट बँकेतून कागद पुढे जातात, आणि दिल्लीत आलेला पैसा नंतर नाशिकच्या बँकेतल्या खात्यात फिरवून वापरता येतो.

काही जण विचारतात की एखाद्या एफसीआरएवाल्या मोठ्या संस्थेच्या नावावर अर्ज करू आणि पैसे आपल्याकडे वळवून घेऊ. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून हे पूर्ण बंद आहे, परकीय पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही, दुसरीकडे एफसीआरए असली तरी नाही. तुमच्याकडे नोंदणी नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांनाच अर्जदार होऊ द्या, वर्ग त्यांनीच चालवायचे, ट्रेनरना मानधन त्यांनीच द्यायचं, तुम्ही मुलं आणि कारखाने जोडून द्या. यात नाव त्यांचं होतं हे खरं, पण काम होतं, आणि कराराचा मसुदा एफसीआरए कळणाऱ्या सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आपल्याकडच्या संस्था जास्त करून जिथे अडकतात ती जागा म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातले चेंज रिपोर्ट. अध्यक्ष बदलले, एक विश्वस्त वारले, नवीन दोघे घेतले, सभेचे ठराव झाले, इतिवृत्तात सह्या झाल्या, पण चेंज रिपोर्ट दाखलच नाही किंवा वर्षानुवर्षं पडून आहे, म्हणजे परिशिष्ट एकवर, विश्वस्तांच्या सरकारी नोंदीवर, अजून जुनीच नावं आणि एफसीआरएच्या अर्जात नवी. दोन्ही जुळले नाहीत की शंका येते आणि अर्ज लटकतो. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की प्रपोजल शेवटी लिहा, आधी कागद सरळ करा, कारण नोटिशीची मुदत काही आठवड्यांची असते आणि या कागदांना महिने लागतात.

अमेरिकेकडचं रजिस्ट्रेशन म्हणजे सॅम डॉट गव्ह. तिथे पूर्ण नोंदणी केली की संस्थेला बारा अक्षर-अंकांचा युनिक एंटिटी आयडी मिळतो, त्याला यूईआय म्हणतात. जुन्या माहितीपत्रकांत डन्स नंबर (यूईआयच्या आधीचा ओळख क्रमांक) घ्या असं लिहिलेलं सापडेल, तो एप्रिल २०२२ मध्ये बंद झाला, आणि एनसीएजी हा नाटोचा संस्था-कोडही संरक्षण खात्याचा निधी मागत नसाल तर परदेशी संस्थांना आता लागत नाही. नुसता यूईआय घेऊन थांबू नका, अर्जासाठी पूर्ण नोंदणी चालू असावी लागते आणि ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. हे सगळं फुकट आहे. नोंदणी झाली की "तुमचं रजिस्ट्रेशन संपतंय, इतके डॉलर भरा" असे ईमेल यायला लागतात, अगदी सरकारी वाटावेत असे, त्यांना एक पैसा द्यायचा नाही. एकट्या व्यक्तीने अर्ज केला तर मात्र सॅमची गरज नसते.

सॅमवर संस्थेचं नाव आणि प्रत्यक्ष पत्ता एकाच कागदावर दाखवून तपासून घेतात, आणि इथे नाशिककरांसाठी खास सूचना. जुन्या ट्रस्ट डीडवर शहराचं स्पेलिंग एच नसलेलं, पॅनवर एच असलेलं, एका कागदावर "ओल्ड आग्रा रोड", दुसऱ्यावर फक्त "नियर मायको सर्कल", पिनकोड कुठे ४२२००७ तर कुठे ४२२०१०, नावात कुठे "संस्था" तर कुठे "सोसायटी". आपल्याला सगळं एकच वाटतं पण तपासणाऱ्याला त्या दोन संस्था दिसतात. तेव्हा पॅन, धर्मादाय प्रमाणपत्र, बँक खातं, दर्पण आणि सॅम, पाचही ठिकाणी नाव-पत्ता अक्षरशः सारखा करून घ्या, आणि कागद मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

आता प्रपोजल. फॉर्म एसएफ-४२४ म्हणजे अर्जाचं मुखपृष्ठ आणि एसएफ-४२४ए म्हणजे बजेट, व्यक्ती असेल तर ४२४-आय. सोबत प्रकल्पाचं वर्णन, बजेटचं स्पष्टीकरण, मुख्य माणसांचे छोटे बायोडेटा आणि भागीदारांची पत्रं. सगळं इंग्रजीत, रक्कम डॉलरमध्ये, आणि कागदाचा साइज बहुतेक वेळा अमेरिकन लेटर मागतात, आपला ए-फोर नाही, फॉन्ट बारा पॉइंट टाइम्स न्यू रोमन आणि एक इंचाची मार्जिन. या गोष्टी किरकोळ वाटतात पण पहिल्या छाननीत अर्ज बाद व्हायला तेवढं पुरतं.

मजकुरात "ग्रामीण भागातील युवक इंग्रजीत मागे आहेत" अशी भाषणं नकोत. कोण, कुठे, कोणता कागद त्याला लिहिता येत नाही हे सांगा. वरचं एट-डी रिपोर्टचं उदाहरण आहेच, पण क्षेत्र बदललं की इंग्रजीही बदलतं. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, सुखोई-३० विमानं तिथे जोडली गेली, त्या क्षेत्राला पार्ट पुरवणाऱ्या युनिटमधल्या माणसाला मेंटेनन्सच्या कागदांची भाषा लागते, आणि विमान उद्योगात त्यासाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशचं स्टँडर्डच आहे, मान्य शब्दांची डिक्शनरी ठरलेली, कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त वीस शब्दांचं, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. फार्मा लॅबमधल्या केमिस्टला डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून कुठे फरक पडला तो कागद, लागतो, मीटर-रिले टेस्ट करणाऱ्याला कॅलिब्रेशन रेकॉर्ड. एक गट घ्या, त्याचे पाच खरे कागद कारखान्याच्या परवानगीने नाव खोडून जमा करा आणि अभ्यासक्रम त्या कागदांवरून बांधा. निमा, आयमासारख्या इंडस्ट्री असोसिएशनचं पत्र मिळालं तर उत्तम, आणि त्यात "शुभेच्छा" नको, किती कामगार सोडणार, कोणत्या शिफ्टनंतर, हॉल कुणाचा, हे लिहून घ्या. सेकंड शिफ्टचा माणूस संध्याकाळच्या बॅचला येऊच शकत नाही हे आपल्याला माहीत आहे, ते वेळापत्रकात दिसलं की वाचणाऱ्याला कळतं की यांनी शॉपफ्लोअर बघितलाय.

परिणाम कसा मोजणार याचा वेगळा भाग असतो. सुरुवातीला लेव्हल टेस्ट घ्या, सीईएफआर या भाषा मोजायच्या युरोपियन पट्टीच्या ए-टू, बी-वन अशा पातळ्या वापरल्या की बाहेरच्यालाही समजतं, आणि त्याबरोबर प्रत्येकाकडून एक खरा रिपोर्ट लिहून घ्या, शेवटी पुन्हा तसाच घ्या, दोन्ही एकाच निकषपत्रिकेवर तपासा. हजेरीपट आणि फोटो म्हणजे परिणाम नाही.

बजेटमध्ये दोन देशांचे नियम एकावर एक बसतात. अमेरिकेकडून ऑफिसचा अप्रत्यक्ष खर्च, ठरलेला दर नसेल तर, १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत धरता येतो, त्याआधी तो १० होता, अर्थात नोटिशीत वेगळी मर्यादा असेल तर ती पाळायची. आपल्याकडे एफसीआरएखाली प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नको, त्यात अकाउंटंटचा पगार, ऑफिसभाडं वगैरे येतं, पण संस्थेचं मुख्य काम ट्रेनिंग किंवा संशोधन असेल तर ट्रेनिंग देणाऱ्याचं मानधन त्यात धरत नाहीत, ही मोठी सोय आहे, म्हणून ट्रेनर आणि को-ऑर्डिनेटर एकाच ओळीत टाकू नका. अवॉर्डवर, म्हणजे अनुदानाच्या करारावर, ग्रँट्स ऑफिसरची सही होण्याआधी केलेला खर्च तुमच्या जबाबदारीवर, फोनवर कुणी "होऊन जाईल" म्हटलं तरी लॅपटॉप घेऊ नका.

अर्ज कुठे टाकायचा, पोर्टलवर की ईमेलने, ते नोटिशीत असतं. वेळ बघताना नीट बघा, वॉशिंग्टनची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि त्यांच्या हिवाळ्यात १०:२९, पण काही नोटिसा भारतीय वेळ देतात. दोन दिवस आधीच टाका, शेवटच्या रात्री लाईट आणि पोर्टल दोन्हींवर भरवसा नको.

मंजूर झालं की त्यांना आर्थिक अहवाल एसएफ-४२५ वर आणि कामाचा अहवाल वेगळा, ठरलेल्या तारखांना. इकडे गृह मंत्रालयाला एफसी-४ वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, आणि एखाद्या वर्षी एक रुपयाही आला नाही तरी निरंक भरावं लागतं. प्रकल्पाचं खातं, व्हाउचर, हजेरी पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलला लावा, शेवटचा आर्थिक अहवाल गेल्यावर पुढे तीन वर्षं अमेरिकेकडून हे कागद मागितले जाऊ शकतात.