आजीचे सात रुपये : खानदेशातल्या नाणेसंग्रहाची पार्श्वभूमी

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आमच्याकडे चांदीचे सात रुपये मांडले जात. आजी ते आदल्या दिवशी चिंच लावून लख्ख घासायची आणि एकेक ताटात ठेवताना सांगायची, "हाऊ राणीना शे, हाऊ राजाना." तिला अक्षरओळख नव्हती. मुकुट आणि मागे वेणी दिसली की राणी, टक्कल दिसलं की राजा. सातांपैकी दोघांना वरच्या बाजूला डाख लावून कडी बसवलेली होती. ते कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होते.

नाणी जमवण्याचा छंद संपत आलाय की वाढतोय, यावर हल्ली बरंच बोललं जातं. खानदेशापुरतं बोलायचं तर आधी ती कडी समजून घ्यायला हवी. आपल्याकडे नाणी सांभाळणं फार जुनं आहे, छंद म्हणून जमवणं मात्र अलीकडचं.

हा मुलूख वाटेवरचा. सुरतेच्या बंदरातून नवापूर, नंदुरबार, थाळनेर करत तापीकाठाने बुऱ्हाणपूरला जाणारी व्यापारी वाट इथूनच जायची. थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. १३८२ पासून दोनशे वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्य केलं, पण त्यांच्या नावाची नाणी फार थोडी सापडतात. १६०१ मध्ये अकबराने त्यांचा असीरगड किल्ला घेतला आणि त्या विजयाची आठवण म्हणून सोन्याची मोहोर पाडली. तिच्यावर ससाणा आहे. मुघल नाण्यांत पक्ष्याचं चित्र हा दुर्मीळ प्रकार, आणि तो खानदेशच्या पाडावाशी जोडलेला आहे हे आपल्या शाळांत सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढे बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून मुघलांचे रुपये निघत राहिले. मराठेशाहीत तांब्याची शिवराई खेड्यापाड्यांत रुळली आणि होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया या भागात चालला.

एकाच बाजारात इतक्या तऱ्हेचे रुपये फिरत असतील तर पारख करणारा लागतोच. सराफ नाणं वाजवून बघे, तोलून बघे, झिजलेल्यावर बट्टा कापे. कोणत्या टांकसाळीचं, कोणत्या सालचं, चांदी किती, हे त्याला नजरेने कळे. आजचा संग्राहक भिंग लावून जे पाहतो ते तेव्हा पोटापाण्याचं कसब होतं. जळगावच्या सराफ बाजारात त्या नजरेचे वारस आजही भेटतात.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकाच वजनाचा रुपया आणला : ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. बट्ट्याची कटकट हळूहळू मिटली. मग १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, आपल्या कापसाचा भाव चढला आणि चांदी खेड्यात उतरली. त्याच काळातला १८६२ सालचा व्हिक्टोरियाचा रुपया आजही जुन्या घरांतून हमखास निघतो. टांकसाळींनी पुढे बारा वर्षं, १८७४ पर्यंत, तेच साल छापलं. नाणं नेमकं कधीचं हे त्यावरच्या बारीक ठिपक्यांच्या फरकावरून अभ्यासक ओळखतात.

बँक दूर होती, सावकार जवळ होता. त्यामुळे चांदीचा रुपया गळ्यात गेला. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा बायकांच्या अंगावर रुपयांच्या माळा असत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला असा साज अजून पाहायला मिळतो. कडी लावलेलं नाणं संग्राहक कमी किमतीला घेतात, घासलेलं तर त्याहून कमी. बाजाराच्या हिशेबाने ते बरोबर असेल. माझ्या मते मात्र त्या नाण्याचा खरा इतिहास कडीतच आहे.

छंद म्हणावा असा प्रकार घराघरांत शिरला तो १ एप्रिल १९५७ नंतर. दशमान पद्धतीचे नवे पैसे आले आणि आणे, चवली, पावली, अधेली, भोकाचा पैसा हे सगळं एकदम जुनं झालं. पोरांनी काड्यापेटीत, पावडरच्या डब्यात ते साठवलं. १९६४ मध्ये नेहरूंच्या चित्राचा रुपया आला, १९६९ मध्ये गांधीजींचा चांदीचा दहा रुपयांचा. मग सालाखाली मुंबईचा हिरा आहे की हैदराबादची चांदणी, हे पाहून अदलाबदल चाले. दुकानदाराने परत दिलेली सुट्टी नाणी हाच त्या पोरांचा खजिना. ३० जून २०११ ला चार आणे चलनातून गेले. आता भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो, पोराच्या हातात नाणं पडतच नाही. हा झरा आटला, हे मान्य करावं लागेल.

पण खरेदी-विक्री वाढली आहे. चोपड्यातला पोरगाही फोनवर लिलावात बोली लावतो. त्यासोबत 'पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळवा' म्हणणारे ठगही आले. रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये सांगावं लागलं की जुन्या नाण्यांचे असे व्यवहार ती करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही.

मला त्याहून मोठी भीती मुशीची वाटते. जुन्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली, म्हणजे नुसत्या धातूचेच हजारावर झाले. मग साधा, झिजलेला रुपया संग्राहकाकडे कशाला जाईल? तो वितळतो. शेतात निघालेल्या नाण्यांच्या गाडग्याचंही तेच होतं. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, पण लफडं नको म्हणून लोक ते गुपचूप वाटून घेतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची सव्वातेरा हजार चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. त्याने क्षत्रपांना हरवल्याचा हा ढळढळीत पुरावा. तो साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच हे कळलं. सुटी सुटी विकली असती तर ती नुसती जुनी चांदी ठरली असती.

आजीचे सात रुपये वाटणीत तीन घरांत गेले. कडीचे दोन माझ्याकडे आले, त्यातला एक १८६२ चा. कडी काढून पॉलिश करून देतो, असं सराफ म्हणाला. मी तो तसाच कागदाच्या पाकिटात ठेवला आणि वर गावाचं नाव, आजीचं नाव आणि 'माळेतला' एवढं लिहिलं.